काचघरातला मावा

कुठेही गेले तरी मी आधी पान उलटून बघते. लग्नाच्या हॉलबाहेरची जास्वंद असो, हॉटेलच्या दारातली कुंडी असो, की कोणाच्या बाल्कनीतली तुळस, दोन बोटांत धरून पान उलटं केल्याशिवाय मला चैन पडत नाही. किडीचा सगळा संसार पानाच्या मागे असतो. पुढून पान हसतंच. नवरा सगळ्यांना सांगतो, "ही मला बघायला आली तेव्हासुद्धा आधी आमचा मनीप्लँट तपासला होता." हे साफ खोटं आहे. बघायला तो आला होता आणि मनीप्लँट आमच्याकडचा होता. त्यावर पांढरे, पिठासारखे मिलीबग पडलेत हे मात्र मी त्याच्या आईसमोर बोलून गेले होते.

शेतकी कॉलेजात माझा विषय कीटकशास्त्र, आणि त्यातही मावा. मोहरीवरचा, ज्वारीवरचा, कपाशीवरचा. टाचणीच्या डोक्याएवढी मऊ कीड, पानात सोंड खुपसून रस पीत बसते, नर नसला तरी मादी जिवंत पिल्लं घालते, आणि ढगाळ हवा पडली की आठवड्यात झाड भरून टाकते. नवऱ्यामागोमाग मी दुबईला आले तेव्हा वाटलं होतं, वाळवंटात कसला आलाय मावा. पण माणूस जिथे झाड लावतो तिथे मावा पत्ता न विचारता येतो. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मला एका लँडस्केपिंग कंपनीच्या नर्सरीत नोकरी मिळाली. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कच्या पलीकडे, कारखाने आणि कामगारांच्या वसाहती संपल्या की ती नर्सरी लागायची. व्हिसावर माझं पद लिहिलं होतं 'ॲग्रिकल्चर इंजिनियर'. इंजिनियर मी कधीच नव्हते. पण कारकुनाने लिहिलेल्या त्या एका शब्दाने पुढे आमचं घर तारलं.

२००८ सालच्या उन्हाळ्यापर्यंत तिकडे कोणाला काहीच अशक्य वाटत नव्हतं. एका हॉटेलवाल्याला काचेच्या दालनात युरोपातला ओढा हवा होता. नुसतं वाहतं पाणी नव्हे, काठावर तिकडचीच झाडंही. त्या ओढ्यासाठी थंड कंटेनरमधून आल्डरची झाडं आली. आल्डरला मराठी नाव नाही, कारण आपल्याकडे तो होत नाही. हिमालयात त्याचा भाऊबंद आहे, त्याला तिकडे उतीस म्हणतात. पाण्यात मुळं सोडून वाढणारं, गोल पानांचं, अंगाने साधं झाड. एवढ्या लांबून आणावं असं त्यात काय होतं ते मला आजही कळलेलं नाही. हॉटेल बांधून होईपर्यंत आम्ही ती मोठ्या चिलरवर चालणाऱ्या काचघरात ठेवली. बाहेर डांबर वितळत असायचं आणि आत शिरताना मला अंगावर स्वेटर घालावा लागायचा.

दिवाळीच्या सुमारास फोन वाजायचे बंद झाले. हॉटेलचं काम 'ऑन होल्ड' गेलं. ऑन होल्ड म्हणजे मेलं, पण अजून कोणी रडलेलं नाही. नवरा एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर होता. कुठल्या इमारतीला किती लोखंड आणि किती सिमेंट लागेल याचं गणित करायचा. इमारतीच थांबल्या तेव्हा गणित कशाचं करणार? थंडी संपता संपता त्याच्या हातात नोकरी संपल्याचं पाकीट पडलं. त्या देशात नोकरी गेली की व्हिसा जातो, आणि व्हिसा गेला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. तो आणि मुलगी त्याच्याच व्हिसावर होते.

मुलगी नुकतीच दहावीत गेली होती. नववीत बोर्डाकडे नाव नोंदवलं की दहावीत मध्येच शाळा बदलता येत नाही. पुण्यात आम्ही ओळखीपाळखीच्या सगळ्या शाळांना फोन लावले. सगळ्यांचं उत्तर एकच, वर्ष वाया जाईल, मुलीला परत नववीत बसवा. मुलीने ऐकलं आणि म्हणाली, "आय ॲम नॉट डुइंग नाइन्थ अगेन. नेव्हर." मग कोणीतरी सांगितलं की इंजिनियर असलेल्या बाईला आपलं कुटुंब स्वतःच्या व्हिसावर घेता येतं. घेतलं. आता तिघांचा भार माझ्या नोकरीवर होता आणि माझी नोकरी, तुम्ही हसाल, पण त्या आल्डरच्या झाडांवर होती.

तसं मॅनेजरने मला तोंडावर सांगितलं होतं. तो लेबनीज, जाड भुवयांचा, दिवसभर कोणावर ना कोणावर ओरडणारा. माझ्याकडे डॉक्टरेट नव्हती तरी मला 'दोक्तोरा' म्हणायचा. बाई डॉक्टरला अरबीत तसं म्हणतात. नर्सरीतली अर्धी माणसं काढल्यावर त्याने मला बोलावलं. "दोक्तोरा, हॉटेलवाला अजून ट्रीजच्या मेंटेनन्सचे पैसे देतो. मार्च एंडपर्यंत काँट्रॅक्ट. पण विंटरमध्ये त्याचा कन्सल्टंट येणार, ट्रीज चेक करणार. ट्रीज ओके, यू स्टे. ट्रीज नॉट ओके, खलास." मुलीची परीक्षा मार्चमध्ये होती. मी घरी येऊन कॅलेंडर बघितलं आणि महिने मोजले.

त्या उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी मुलगी अभ्यासाला काचघरात येऊ लागली. घरात नवरा दिवसभर फोनवर असायचा, नोकरीसाठी याला त्याला विचारत, आवाज चढवून हसत. ते हसणं तिला सहन होत नसे. मलाही होत नसे, पण मी बायको होते, मला ऐकावं लागायचं. काचघरात ती एका झाडाखाली घडीची खुर्ची टाकून बसायची. एका शुक्रवारी तिने हाक मारली, "ममा, युअर ट्री इज ड्रूलिंग ऑन माय फिजिक्स."

पुस्तकाच्या पानावर चिकट, चकचकीत ठिपके पडले होते. मी बोट लावून जिभेवर ठेवलं, मुलगी किंचाळली. गोड होतं. मला वर बघायचीसुद्धा गरज नव्हती. मावा जेवढा रस पितो त्यातला बराचसा गोडवा तसाच मागून टाकून देतो.

पान उलटलं तर शिरांच्या बाजूबाजूने फिकट पिवळी-हिरवी चिमुकली अंगं बसलेली होती. मिशांवर काळे पट्टे, मोठी झालेली प्रत्येक मादी पंखवाली. मोहरीवरच्या माव्यात काहींनाच पंख फुटतात. इथे सरसकट सगळ्यांना. दर आठवड्याला मी त्या झाडांखालून फिरत होते आणि मला हे दिसलं नव्हतं, कारण मी मुंग्या शोधत होते. आपल्या रानात मुंग्यांची रांग झाडावर चढताना दिसली की समजायचं वर मावा आहे. गोड पाण्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. इथे मुंग्यांचा पत्ता नव्हता, म्हणून आयुष्यभर पानं उलटणारी मी नेमकी इथे उलटायची राहिले. रात्री इंटरनेटवर वाचलं. हा आल्डरचाच मावा. दुसऱ्या कुठल्या झाडावर जगत नाही. कळ्यांजवळ घातलेली अंडी फांद्यांबरोबर कंटेनरमधून आली असणार. झाडाला तो फार इजा करत नाही असंही तिथे लिहिलं होतं, पण ते वाक्य मी वाचून सोडून दिलं. मला माझ्या मोहरीवरचा मावा माहीत होता, आणि तो पीक बसवतो.

मॅनेजरला सकाळीच सांगितलं. त्याने डोक्याला हात लावला. "कन्सल्टंटने एक किडा बघितला तर म्हणेल नर्सरी डर्टी. किल इट. पण दोक्तोरा, औषधाला बजेट नाही. झीरो."

घरी हे सांगितलं तेव्हा नवरा सोफ्यावर पडला होता. उठून बसला. म्हणाला, "दशपर्णी कर ना."

दशपर्णी अर्क म्हणजे दहा झाडांचा कडू, उग्र पाला ड्रममध्ये भरायचा, त्यात शेण, गोमूत्र, मिरची, लसूण घालून महिनाभर कुजवायचा आणि गाळून फवारायचा. आपल्याकडे गावोगाव करतात. मी एकदा लग्नानंतर त्याला त्याबद्दल अर्धा तास ऐकवलं होतं. त्याला आठवत असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. "दुबईत?" मी म्हटलं. तो म्हणाला, "ढीग कडुनिंब आहेत रस्त्याला. तू फक्त लिस्ट दे." महिन्यांनंतर त्याच्या आवाजात काम ऐकू आलं. मी यादी सांगितली, तो बोटांवर मोजत राहिला.

कडुनिंब आम्ही राहायचो त्या शारजात रस्तोरस्ती होता. कण्हेर दुभाजकांवर होती. रुई वाळवंटात फुकट. करंज नर्सरीतच होता आणि घाणेरीही. पपई एका ओळखीच्या बाईंच्या अंगणात मिळाली. सीताफळ एका आजोबांनी गच्चीत टबात जगवलं होतं. त्यांनी मोजून पानं दिली आणि फळ धरल्यावर दाखवायला बोलावीन म्हणाले. एरंड कुठल्याशा ओसाड प्लॉटवर सापडला. निर्गुडी आणि गुळवेल मात्र काही केल्या मिळेनात. नवऱ्याने गाफची फांदी आणली, तर मी त्याच्यावर ओरडले. गाफ तिथलं मानाचं झाड, ते तोडणं गुन्हा. "पडलेली होती," तो म्हणाला. "पडलेलीच राहू दे." शेवटी त्याने आमच्या बाल्कनीतला कढीपत्ता आणि तुळस घालून दहाचा आकडा पुरा केला. मी म्हटलं, कढीपत्त्याने मावा मरत नाही, आमटी होते. तो म्हणाला, "दशपर्णीत नऊ घालू नयेत. शास्त्र असतं ते." शास्त्र माझं होतं, पण कढीपत्ता यादीत गेला.

गोमूत्राचं खरं रामायण झालं. खवानीजकडच्या एका गोठ्यात तो रिकाम्या बाटल्या घेऊन गेला. गोठ्यावरचा पठाण गडी आधी खूप हसला, मग म्हणाला, "दूध लो साहब, ये क्यूँ लेते हो?" आणि एका बाटलीचे पाच दिरहॅम मागितले. "पाच दिरहॅम म्हणजे पासष्ट रुपये!" घरी येऊन नवरा मला सांगत होता. "पुण्यात दूधसुद्धा स्वस्त आहे." त्याने घासाघीस करून तीनवर आणलं होतं आणि त्याचा चेहरा एखादं टेंडर जिंकल्यासारखा फुलला होता.

रास अल खोरच्या वर्कशॉपांमधून जुना निळा ड्रम आणला, नर्सरीच्या मागच्या कुंपणाशी ठेवला, आणि मग महिनाभर माझा नवरा रोज सकाळ-संध्याकाळ तिथे जाऊन लाकडी दांड्याने तो अर्क ढवळत होता. भर जुलैत. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, नाकाला रुमाल. वास असा की पलीकडच्या वसाहतीतले लोक नाल्याची तक्रार करायला आले. मॅनेजर लांबूनच ओरडायचा, "हबीबी, इज समवन डेड?" आणि नवरा दांडा न थांबवता म्हणायचा, "इन्शाल्ला, आफिड्स," म्हणजे मावे. एका संध्याकाळी मी त्याला घ्यायला गेले तर तो ढवळता ढवळता गुणगुणत होता. पाकीट हातात पडल्यापासून मी त्याला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी गाडीतच बसून राहिले. त्या घाणेरड्या ड्रमवर त्या क्षणी माझं इतकं प्रेम होतं, की मावा मरो न मरो, मला चाललं असतं.

मावा मेला, बराचसा. आम्ही दोघांनी पाठीवर पंप लावून दर आठवड्याला पानांच्या मागून फवारा मारला. मुलगी महिनाभर काचघरात फिरकली नाही. "इट स्मेल्स लाइक अ काऊज बाथरूम," असं तिने आजीला फोनवर सांगितलं, आणि आजी म्हणाल्या, शुद्ध आहे ते.

हवा थंड झाल्यावर कन्सल्टंट आला. इंग्रज, म्हातारा, उन्हाने मान लाल झालेली. मॅनेजर त्याच्यापुढे पायघड्या घालत होता. नवराही त्या दिवशी नर्सरीत येऊन माझ्याशेजारी उभा होता. तो सरळ एका झाडापाशी गेला आणि, देवा, त्याने पान उलटलं. तीन-चार मावे होते. आम्ही उन्हाळ्यापासून जे झाकत होतो ते त्याच्या अंगठ्याशेजारी बसलेलं होतं. तो वाकून बघत राहिला आणि हसला. म्हणाला, माझ्या घरामागच्या ओढ्यावर प्रत्येक आल्डरला हा असतो. नसता तर मला शंका आली असती की झाडं खरी आहेत की प्लास्टिकची. मग नाक वर करून त्याने विचारलं, "पण हा वास कसला आहे?"

झाडं ओके असं लिहून तो गेला. मॅनेजर आनंदाने मला मिठी मारायला आला आणि बाई आहे हे लक्षात येऊन नवऱ्याला मारली. मला मात्र संताप आला होता. तो म्हातारा ज्या किडीकडे बघून हसला होता तिच्यासाठी मी सगळा उन्हाळा पाठीवर पंप घेऊन काढला होता. वाचलेलं वाक्य मी तेव्हाच मानलं असतं तर एक ड्रम गोमूत्र वाचलं असतं. नवरा म्हणाला, "काहीतरीच काय? आपण फवारलं म्हणून तीन होते. नाहीतर तीनशे असते, आणि मग हसला असता का तो?" आजही त्याचं हेच म्हणणं आहे.

जानेवारीत आल्डरची पानं झडली. भिंगातून बघितलं तर कळ्यांच्या बेचक्यात काळी चकचकीत अंडी होती. मी त्यांना हात लावला नाही. दशपर्णी संपली होती आणि आता काही लपवायचंही नव्हतं. फेब्रुवारीत कोवळी पानं फुटली आणि त्यांच्या मागे पुन्हा पिवळी पिल्लं आली. मुलगी परत खुर्ची टाकून बसू लागली. आता ती पुस्तकावर प्लास्टिकचं कव्हर घालून यायची. मध्येच उठून पान उलटायची आणि माझ्यासारखं, खाली बसून, मान वाकडी करून बघायची. मी ते पाहिलं, पण काही बोलले नाही. बोलले असते तर तिने बंद केलं असतं.

हॉटेल रद्द झाल्याचं मार्चमध्ये कळलं. कोणाला आश्चर्य वाटलं नाही. मॅनेजरने विचारलं, "मुलीचा लास्ट पेपर कधी?" मी दिवस सांगितला. तो म्हणाला, "मग चिलर त्या दिवशी बंद करू. आफ्टर लंच." एवढंच बोलून तो दुसऱ्या कोणावर तरी ओरडायला गेला.

शेवटच्या पेपरच्या दुपारी नवरा मुलीला शाळेतून थेट नर्सरीत घेऊन आला. ती युनिफॉर्ममध्येच होती. पेपर चांगला गेला होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं, जमलं होतं. आता पुण्याला जायचं, अकरावीची ॲडमिशन तिकडे, नवऱ्याला त्याच्या मित्राने काम देऊ केलं होतं. मला इतकं हलकं वाटत होतं की मी तिचा गालगुच्चा घेतला, आणि तो तिला अजिबात आवडत नाही.

काचघरात मात्र कसंसंच झालं. चिलरचा घरघराट थांबला होता आणि आमची पावलं ऐकू येत होती. पानं माना टाकू लागली होती, हाताला कोमट लागत होती. पंखवाले मावे झाडांवरून उठून उजेडाच्या बाजूच्या काचेवर जमले होते. इतके असतील असं मला वाटलं नव्हतं.

"व्हेअर डू दे गो नाऊ?" मुलीने विचारलं.

"कुठेच नाही," मी म्हटलं. "यांना आल्डरशिवाय काही चालत नाही. आणि इथून सगळ्यात जवळचा आल्डर इराणच्या त्या टोकाला, कॅस्पियनच्या काठी."

"सो? दे हॅव विंग्ज. ओपन द डोअर, ममा."

कीड मोकळी सोडायची नाही, हा माझ्या धंद्यातला पहिला नियम. पण ही कीड त्या देशात कोणाचंही काही बिघडवू शकत नव्हती. मी दार उघडलं. गरम वारा आत आला. दोन-चार मावे उडाले, बाकीचे काचेलाच चिकटून राहिले. मुलीने प्रश्नपत्रिका उघडली आणि ती हलवून वारा घालत त्यांना दाराकडे हाकलायला लागली. बराच वेळ घालत होती. नवरा मदतीला जायला निघाला, मी त्याला थांबवलं.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "अँड वी?"

"आपण काय मावा आहोत का?" नवरा हसत म्हणाला. "आपल्याला कुठलंही पान चालतं. मस्त घरी जायचं आता."

मी मागे वळून बघितलं. प्रश्नपत्रिका तोंडावर धरून ती रडत होती. आम्ही वर्षभर तिची परीक्षा वाचवत होतो. पुण्याला 'घरी' आम्ही दोघं म्हणायचो. ती दीड वर्षाची असताना मी तिला कडेवर घेऊन शारजात उतरले होते, आणि तेव्हापासून तिने दुसरं झाड पाहिलेलंच नव्हतं.